हंसांच्या वाट्याचे गवत

शेत आणि पाखरू ह्यांचे वैर फार जुने आहे. गोफण, बुजगावणे, माळा, पत्र्याचा डबा ही सारी आयुधे ह्याच वैरातून जन्मास आली. लहानपणी ज्वारी हुरड्यास आली म्हणजे आम्हांसही माळ्यावर चढविण्यात येई, आणि गोफणीपेक्षा घशाचाच उपयोग अधिक करून आम्ही पाखरे हाकीत असू. तेव्हा कोणी पाखरांसाठी शेत कसावे, आणि तेही ओसाड टाकून नव्हे तर शेत म्हणूनच कसावे, ही कल्पना पुष्कळांस विपरीत वाटेल. आम्हांसही ती तशीच वाटली होती. परंतु गेल्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात असे एक शेत प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमची कन्या व जामात नोकरीनिमित्त स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी राहतात. नातीच्या आग्रहावरून आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी तिकडे गेलो होतो. निघण्याच्या आठ दिवस आधी घरी एक लहानसा प्रसंग घडला. तो आधी सांगितला पाहिजे. कारण पुढे जे पाहिले ते त्याच्याच डोळ्यांनी पाहिले. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे. ती आमचा पुतण्या कसतो आणि उत्पन्नातील आमचा वाटा दरसाल बिनचूक पोहोचवितो. शेताच्या खालच्या अंगास बारा गुंठ्यांचे एक लवण आहे. पावसाळ्यात तेथे पाणी साचते ते संक्रांतीपर्यंत हटत नाही. आत लव्हाळा माजलेला, कडेस दोन करंज व एक उंबर. त्यात मुरूम-माती भरून जमीन वर घ्यावी व ऊस लावावा, असे पुतण्याच्या मनात आले. सातबाऱ्यावर आमचेही नाव असल्यामुळे आमची संमती हवी होती. "काका, नुसते पाणी नि टिटव्या सांभाळून काय मिळायचे?" असे तो म्हणाला. त्याचे काही चुकले असे त्या वेळी आम्हांस वाटले नाही. परत आल्यावर सही देतो, एवढे सांगून आम्ही निघालो.

ग्लासगोस पोहोचल्यावर आमचे जामात म्हणाले, "अण्णा, तुम्ही मुलांना जन्मभर मेघदूत शिकवलेत. आता खरोखरीचे हंस दाखवतो." स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर बेटांची एक माळच आहे. तिच्या दक्षिण अंगास आयला नावाचे बेट असून त्याची वस्ती अवघी तीन हजारांच्या आसपास आहे. केनाक्रेग येथून आगबोटीने दोन तासांचा प्रवास. बेटाची जगभर कीर्ती आहे ती तेथील मद्याच्या भट्ट्यांमुळे. त्याविषयी ह्या मासिकात अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्याच भट्ट्यांतून निघालेला सातूचा चोथा बेटावरील गुरांना चारतात, हे पुढील संदर्भासाठी लक्षात असू द्यावे.

बेटाच्या उत्तरेकडून समुद्राची एक उथळ जीभ आत शिरली आहे. तिला लॉक ग्रुइनार्ट म्हणतात. भरतीच्या वेळी तेथे पाणी असते. ओहोटीस मैलभर चिखल व वाळू उघडी पडते. ह्या खाडीच्या काठचे सुमारे चार हजार एकरांचे शेत, माळ व दलदल १९८४ साली 'रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स' ह्या संस्थेने विकत घेतले. संस्थेचा इतिहास आमच्या भगिनीवाचकांस विशेष आवडेल. गेल्या शतकापूर्वीच्या युरोपात बायकांच्या टोप्यांवर पिसे, किंबहुना पुरे पक्षीच खोवण्याची चाल होती, आणि त्यासाठी बगळ्यांसारख्या पाखरांची सर्रास कत्तल होई. ह्याचा वीट येऊन १८८९ साली मँचेस्टर येथे एमिली विल्यमसन ह्या बाईंनी इतर स्त्रियांना जमवून, आपण पिसे वापरणार नाही, असा नेम केला व करविला. त्यांच्या त्या मंडळीतून आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या एका मंडळीतून ही संस्था वाढली. १९०४ साली तिला राजाची सनद मिळाली, आणि १९२१ साली पिसांच्या आयातीस बंदी करणारा कायदाही इंग्लंडात झाला. चार घरच्या बायकांनी केलेला नेम किती लांब जातो पाहा!

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खाडीकाठच्या एका लाकडी खोपीत जाऊन बसलो. खोपीच्या भिंतीस डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी ठेवलेल्या असतात; माणसाने आत बसावे, पाखराला दिसू नये. बाहेर बोचरा वारा व भुरभुर पाऊस. आमच्या सौभाग्यवतींनी दोन शाली पांघरल्या होत्या व "हंसांना थंडी वाजत नसेल हो, आपल्याला वाजते," असे त्या दोनदा म्हणाल्या. उजाडू लागले तसा खाडीच्या बाजूने आवाज येऊ लागला. प्रथम वाटले, दूर कोठे कुत्र्यांचा कळप भुंकत आहे. मग तो आवाज वर चढला, पसरला, आणि करड्या आकाशात काळ्या रेघा उमटल्या. शेकडो, मग हजारो! रात्र चिखलावर काढून ते पक्षी न्याहारीसाठी शेतावर येत होते. आमच्या डोक्यावरून ते गेले तेव्हा पंखांचा सळसळाट पावसाच्या सरीसारखा ऐकू आला. नात टाळ्या वाजविण्याचेही विसरली.

हे हंस म्हणजे चित्रातील पांढरेशुभ्र राजहंस नव्हेत. काळी मान, पांढरे तोंड, पाठीवर करड्या-काळ्या लाटांसारख्या रेघा असे त्यांचे रूप आहे. इंग्रजीत त्यांस बार्नॅकल गूज म्हणतात. आपल्या उजनीच्या पाण्यावर हिमालय ओलांडून हिवाळ्यात जे पट्टकादंब येतात, त्यांचेच हे जातभाई. मेघदूतातील हंस मेघाबरोबर उत्तरेस मानसाकडे निघतात. ग्रीनलंडाच्या पूर्व किनाऱ्यावर ह्यांची उन्हाळ्यातील घरे आहेत. उंच कड्यांवर अंडी घालतात, आणि पिलांना पंख फुटण्याआधीच त्या कड्यावरून खाली उडी घ्यावी लागते. शरद ऋतूत आइसलंडात विसावा घेत ते दक्षिणेस येतात आणि एप्रिलात परततात. त्यांचे घरटे युरोपात कोणी पाहिलेले नसल्यामुळे, समुद्रात वाहत आलेल्या लाकडावरील शिंपल्यांतून हे पक्षी जन्मतात अशी मध्ययुगात समजूत होती. मग जे समुद्रात जन्मले ते मासळीसारखेच, असे ठरवून काही ठिकाणी धर्मोपदेशकही उपवासाच्या दिवशी ते खात! उपवासास चालणारे पदार्थ शोधून काढण्याची कला केवळ साबुदाण्याच्या देशातच आहे असे नव्हे.

दहाच्या सुमारास शेताच्या जुन्या इमारतीत आम्हांस तेथील एक कर्मचारी बाई भेटल्या. तिशीच्या, उंच, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले बूट. त्यांचे इंग्रजी स्कॉटलंडी वळणाचे असल्यामुळे मॅट्रिकच्या इंग्रजीवर आयुष्य काढलेल्या आम्हांस मधून मधून कन्येची मदत घ्यावी लागली. आम्ही प्रथमच विचारले, "पाखरांसाठी जमीन घेतली आहे, तर मग ती मोकळी का सोडून देत नाही? शेती कशाला?"

बाई हसल्या आणि आम्हांस एका कुंपणापाशी घेऊन गेल्या. कुंपणाच्या अलीकडील पट्टीत गुरे चरत नव्हती. तेथे गवत व बोरू माणसाच्या कमरेपर्यंत वाढला होता. पलीकडे गुरांनी चरून गवत आखूड केले होते. अलीकडे एकही हंस नव्हता. पलीकडे शेकडो होते. हंसास कोवळे, आखूड, पौष्टिक गवत लागते. त्याचे पचन अपुरे असल्यामुळे त्यास दिवसभर चरत राहावे लागते. म्हणून येथे गवत नांगरून पेरतात, त्यास खत घालतात, उन्हाळ्यात गुरे व मेंढ्या चारून ते आखूड ठेवतात, आणि हंस येण्याच्या सुमारास गुरे तेथून हलवितात. जमीन सोडून दिली तर दहा वर्षांत बोरू माजेल आणि ज्यांच्यासाठी सोडली तेच पाहुणे पाठ फिरवतील. राखणे म्हणजे सोडून देणे नव्हे. राखणे म्हणजे रोज उठून काहीतरी करणे. पंतोजीगिरी केलेल्या आम्हांस हे तत्त्व मुलांच्या बाबतीत ठाऊक होते. गवताच्या बाबतीत नव्हते.

ह्यानंतर पाणी. सखल शेतांच्या चरांवर लहान दारे बसविली आहेत. इतर शेतकरी पाणी बाहेर काढण्यासाठी खटपट करतात. येथे ते अडवून ठेवण्यासाठी करतात. हिवाळ्यात त्यावर बदके उतरतात. वसंतात पाणी हळूहळू उतरू देतात, म्हणजे चिखल ओला राहतो, त्यात किडे होतात, आणि त्यांवर टिटव्यांची व इतर चिखलपक्ष्यांची पिले पोसतात. होय, टिटव्याच! डोक्यावर तुरा असलेली, आपल्या टिटवीची चुलत बहीण. पंचतंत्रातील टिट्टिभाची गोष्ट आम्ही तीस वर्षे शिकविली: समुद्राने अंडी नेली, पाखरे गरुडाकडे गेली, गरुड विष्णूकडे गेला, तेव्हा कोठे समुद्र नमला. संधी सोडविल्या, समास सोडविले. परंतु टिटवी जमिनीवर अंडी कोठे व कशी घालते हे एकाही मुलास आम्ही कधी दाखविले नाही, कारण आम्हीच पाहिले नव्हते. येथे समुद्रकाठी, टिट्टिभाच्याच वस्तीत, एक अनोळखी बाई आम्हांस ते समजावून सांगत होती. मनातल्या मनात आम्ही ओशाळलो.

तिसरी गोष्ट कापणीची. कॉर्नक्रेक नावाचा, पाणकोंबडीच्या कुळातील एक लाजाळू पक्षी आहे. आम्ही गेलो तेव्हा तो आफ्रिकेत होता. तो एप्रिलाअखेर येतो, उंच गवतात लपून घरटे करतो, आणि रात्रभर 'क्रेक्स क्रेक्स' असे ओरडतो. त्याचे शास्त्रीय नावही तेच आहे. एके काळी तो ब्रिटनभर होता. पुढे गवत कापण्याची यंत्रे आली व कापणी लवकर होऊ लागली. यंत्र शेताच्या कडेने सुरू होऊन फेर धरीत मध्याकडे येते; पिले भिऊन न कापलेल्या गवतात आत आत सरकतात, आणि शेवटच्या फेऱ्यात सारी एकदम सापडतात. बहुतेक सर्व देशातून तो पक्षी ह्याच रीतीने नाहीसा झाला. उपाय काय? एक, कापणी ऑगस्टपर्यंत लांबविणे. दुसरा, कापणी मधून सुरू करून कडेकडे जाणे, म्हणजे पिलांना पळण्यास वाट राहते. यंत्र तेच, माणूस तोच, गवतही तेच. फक्त फेरा उलटा! मात्र कापणी लांबली म्हणजे गवत जून होते व मुरघास निकृष्ट होतो. हा तोटा खरा आहे, आणि बाईंनी तो लपविला नाही.

आता एक गोष्ट, जी सांगितल्यावाचून हा वृत्तान्त प्रामाणिक होणार नाही. ती गुरे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी कौतुकाने विचारले, "दूध किती देतात?" बाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "ही दुधाची नव्हेत." पुढे कोणी काही बोलले नाही. सौभाग्यवतींनी एका वासराच्या कपाळावर हात ठेवला होता, तो तसाच ठेवला. ज्या गुरांच्या चरण्यावर हंसांचे गवत, टिटवीचे घरटे आणि लाल चोचीच्या त्या दुर्मीळ कावळ्यांचे अन्न अवलंबून आहे (शेणातील किडे हे त्या कावळ्यांचे एक मोठे अन्न), ती गुरे शेवटी कसायाकडे जातात. त्या विक्रीवरच शेताचा बराचसा संसार चालतो. आमच्या घरी गाईच्या पाठीवरून हात फिरवून मग पानावर बसण्याची चाल होती. आमच्या मनास हे लागले, आणि अजून लागते. तथापि आम्ही हेही विसरत नाही की, गाईला हात जोडणाऱ्या आपल्याच देशात, गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक नामक वेदनाशामकामुळे मेलेली जनावरे खाऊन गिधाडे जवळजवळ नामशेष झाली, आणि २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद करावे लागले. दुसऱ्याच्या अंगणातील दोष दाखविण्यापूर्वी एवढे आठवणे बरे. ह्या प्रश्नाचा निवाडा आम्हांस करता आला नाही. तो करता आल्याचा आव आणण्याची इच्छाही नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी दुसरी बाजू ऐकावयास मिळाली. घरमालक स्वतः मेंढ्या व गुरे पाळणारे वृद्ध शेतकरी होते. "हंस सुंदर आहेत," ते म्हणाले, "पण ते संस्थेची पाटी वाचून उतरत नाहीत." चैत्राच्या सुमारास मेंढ्या व्यायला येतात, तेव्हाच्या पहिल्या कोवळ्या गवताची शेतकरी हिवाळाभर वाट पाहतो; आणि नेमके तेच गवत हंस परतण्यापूर्वी फस्त करतात. आकडेही बोलके आहेत. ग्रीनलंडाकडून येणाऱ्या ह्या हंसांची एकंदर संख्या १९५९ साली सुमारे आठ हजार होती. २०१३ साली ती ऐंशी हजारांच्या घरात गेली, आणि त्यांतील मोठा भाग ह्या एका बेटावर उतरतो. संरक्षणास यश आले, आणि यशाचे बिल शेजाऱ्याच्या दारात गेले! गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून सरकार शेतकऱ्यांस नुकसानीबद्दल पैसे देत आले आहे. पण ते पुरत नाहीत अशी तक्रार कायम. २०१४ साली काही हंस मारून संख्या कमी करण्याची दहा वर्षांची योजना निघाली, तेव्हा पक्षिप्रेमी संस्थांनी त्याविरुद्ध युरोपीय कमिशनाकडे दाद मागितली. दुसरीकडे त्याच बेटावर येणारे पांढऱ्या कपाळाचे हंस मात्र वर्षानुवर्षे घटत चालले आहेत. गोळी झाडली तर दोघेही उडतात.

"मग हंस नकोतच का?" आम्ही विचारले. म्हातारा बराच वेळ शेगडीकडे पाहत राहिला. "ऑक्टोबरात पहिल्या रात्री त्यांचा आवाज आला नाही, तर मला झोप लागणार नाही," तो म्हणाला, "पण ज्यांना ते हवेत, त्या सर्वांनी गवताचा खर्च वाटून घ्यावा. एकट्या माझ्या मेंढ्यांनी का?"

हे वाक्य आम्ही सामानाबरोबर घरी घेऊन आलो. आपल्याकडेही रानडुकरे, नीलगाई व मोर शेतात शिरतात, आणि शहरात बसून त्यांविषयी हळहळणाऱ्या आमच्यासारख्यांस त्याबद्दल एक पैचाही भुर्दंड पडत नाही. पाखरांवर प्रेम करावे शहराने आणि त्यांचे पोट भरावे शेतकऱ्याने, ही वाटणी न्यायाची नव्हे. ग्रुइनार्टचे महत्त्व आम्हांस वाटते ते ह्यासाठी की, तेथे पक्षिप्रेमी मंडळींनी वर्गणी गोळा करून जमीन घेतली, स्वतः चिखलात उतरून ती कसली, आणि तोटा आपल्या वहीत लिहिला. त्याने शेजाऱ्याचे सर्व दुःख मिटले नाही; परंतु वहीत तोटा लिहिणाऱ्यालाच शेजाऱ्याशी बोलण्याचा अधिकार येतो.

परत आल्यावर दिवाळीत आम्ही गावी गेलो. पुतण्याने सहीचा कागद काढून ठेवला होता. आम्ही म्हणालो, "कागद राहू दे, आधी लवण पाहून येऊ." पाणी उतरणीस लागले होते. आम्ही बांधावर उभे राहताच दोन टिटव्या ओरडत उठल्या. ग्रुइनार्टची हकीकत पुतण्याने शांतपणे ऐकून घेतली, मग तो म्हणाला, "काका, हे सगळे खरे, पण बारा गुंठ्यांतला ऊस मला कोण देणार?"

अगदी बरोबर प्रश्न! आयलाच्या म्हाताऱ्याने विचारला होता तोच. आम्ही उत्तर घोकूनच गेलो होतो. ते लवण जितकी वर्षे आहे तसे राहील, तितकी वर्षे त्या बारा गुंठ्यांत ऊस होता असे धरून त्याच्या उत्पन्नाइतकी रक्कम आमच्या वाट्यातून वजा व्हावी, असे आम्ही सांगितले. रक्कम आमच्या निवृत्तिवेतनाच्या मानाने लहान नाही. सौभाग्यवतींस आधीच विचारले होते, आणि त्यांनी "त्या वासराची आठवण म्हणून तरी करा," एवढेच म्हटले होते. पुतण्या थोडा वेळ बांधावरच्या मातीत काठीने रेघा ओढीत राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षे बघू, काका. पण लव्हाळा मीच कापणार. नाहीतर तो सगळ्या शेतात येतो."

"काप," आम्ही म्हणालो, "मात्र टिटवीची पिले फिरती झाल्यावर, आणि मधून सुरुवात करून कडेकडे ये."

तो हसला, आणि कागद घडी घालून त्याने खिशात ठेवला.